झाकण

बर्मिंगहॅमला आमच्या ओट्यावर
एक झाकण होतं, ज्याला भांडं नव्हतं.
ओतीव लोखंडाचं, काळंभोर, कडेला टवका उडालेलं.
आई ते कधी कुंडीखाली सरकवायची,
कधी भिजत घातलेल्या खाऱ्या माशावर वजन म्हणून.
शिजत्या अन्नावर मात्र कधीच नाही.
विचारलं तर म्हणायची,
"ते इथल्या भांड्यांचं नाही,"
आणि कोट चढवून रात्रपाळीला निघायची.

ती गेल्यावर तिचे कोट देऊन टाकले.
झाकण देववलं नाही.

किंग्स्टनच्या विमानतळावर कस्टमच्या पोराने
ते दोन्ही हातांनी उचललं, टिचकी मारून पाहिली.
"बाई, भांडं कुठंय?"
म्हटलं, तेच बघायला आलेय.

सेंट एलिझाबेथची माती तांबडी,
इतकी, की पांढऱ्या शेळ्यासुद्धा गुडघ्यापर्यंत तांबड्या.
आयव्होरीन फाटकात उभी. त्र्याऐंशीची, कमरेवर हात.
माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही,
पिशवीकडे पाहिलं.
"आणलंस?"

मग नारळ किसता किसता सांगत गेली,
तेही तुकड्यातुकड्याने, मध्येच कोंबड्या हाकत.
जोसाया एक, त्याची घरं दोन.
टेकडीवर केटुरा, टेकडीखाली झिला.
सवतीच त्या, चर्चच्या वहीत नाव मात्र एकीचंच.
तो पनामाला गेला कालवा खणायला.
कालवा पुरा झाला, जहाजं जाऊ-येऊ लागली,
तो आला नाही.
मागे राहिलं एक भांडं.
वरचीने भांडं उचललं,
खालचीने झाकण.

सोमवार ते शनिवार
एकमेकींच्या नावाने कडाकडा बोटं मोडणं.
पण रविवारी भात लागतो,
गंगोच्या हिरव्या दाण्यांचा, नारळाच्या दुधातला.
केटुराने केळीचं पान झाकून पाहिलं, वरचा भात कच्चा.
झिलाने मडक्यावर झाकण ठेवलं, मडकंच तडकलं.
तेव्हा एक टेकडी चढली.
की दुसरी उतरली?
यावरून आमच्यात अजून वाद आहे.

"तुझ्या आईने बोटीत चढताना ते का नेलं?"
आयव्होरीनने सुरी खाली ठेवली.
"पासष्ट वर्षं आम्ही पत्र्याच्या ताटलीवर दगड ठेवून शिजवतोय."
मला उत्तर माहीत नव्हतं.
मी पातीचा कांदा धुतला, आधीच धुतलेला.

तिने पिमेंटोचे दाणे मोजले नाहीत, मूठ नुसती झटकली.
थाइमची काडी, मीठ,
आणि वर एक अख्खी पिवळी मिरची,
देठासकट, भातावर नुसती टेकवलेली.
"फुटली तर कुणालाच घास गिळवायचा नाही.
आता ढवळायचं नाही," म्हणाली,
मिरचीबद्दलच बहुतेक.

"टवका कानाकडे कर. तसा नाही. हां."
भांड्याला भांडं लागतं, तेव्हा आवाज होतो म्हणतात.
झाकण बसलं.
आवाज झालाच, पण
सगळे घरात आल्यावर
कुणी आतून कडी लावावी, तसा.

खरवड शेवटी उरली, तिला इथे बन-बन म्हणतात.
आम्ही दोघींनी दोन चमच्यांनी ती उकरली,
मी खालच्या घरची, ती वरच्या,
चमच्याला चमचा लागू न देता.
मग एकदा लागला.
ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते,
हे मला तेव्हा दिसलं.

निघताना झाकण मी चुलीपाशीच ठेवलं.
फाटकापर्यंत पोचले नाही तोच मागून हाक.
धापा टाकत आली, झाकण माझ्या छातीशी लावलं.
"हे इथे राहिलं,
तर तू कशाला येशील?"

पिशवी जड. तांबडी माती चपलांत.
बर्मिंगहॅमचा कस्टमवाला विचारेल, भांडं कुठंय.
सांगीन,
चुलीवर.